अ‍ॅप स्टोअर कमिशन

अ‍ॅप स्टोअर कमिशन : अ‍ॅपच्या विक्रीतून, तसेच अ‍ॅपमधील डिजिटल खरेदी व वर्गणीतून अ‍ॅप बाजार चालवणारी कंपनी कापून घेत असलेला हिस्सा. अ‍ॅपलने जुलै २००८ मध्ये तो ३० टक्के ठेवला. गूगलच्या बाजारातही (आताचे प्ले स्टोअर) पुढे तोच दर रूढ झाला.

या ३० टक्क्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे त्याचे मूळ १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या व्यवहारात आहे : बाहेरच्या कंपन्यांच्या खेळांवर सुमारे १० टक्के परवाना शुल्क आणि कार्ट्रिज (खेळ साठवलेली कॅसेट) बनवून देण्याचे सुमारे २० टक्के, अशी ती बेरीज सांगितली जाते. दुसरे मत २००३ मधील आयट्यून्स या अ‍ॅपलच्या ऑनलाइन दुकानातील संगीतविक्रीकडे निर्देश करते. तेथे गाण्याच्या किमतीतील सुमारे ७० टक्के वाटा ध्वनिमुद्रण कंपन्यांना मिळे. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण निन्टेंडोच्या आकारणीत प्रत्यक्ष वस्तू घडवण्याचा खर्च मिसळलेला होता, तर अ‍ॅप स्टोअर आयट्यून्सच्याच ग्राहकखात्यांवर उभे राहिले. हा दर ठरवताना दुकान चालवण्याचा खर्च विचारात घेतला गेला नव्हता, असे एपिक गेम्स (खेळ बनवणारी कंपनी) विरुद्ध अ‍ॅपल या अमेरिकेतील खटल्याच्या २०२१ च्या निकालात नमूद आहे.

वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या विकासकांसाठी (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी) दोन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये दर १५ टक्क्यांवर आणला. अ‍ॅपची तपासणी, वितरण आणि फसवणुकीला आळा यांचा खर्च या कमिशनमधून निघतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. मात्र बहुसंख्य मोफत अ‍ॅप कमिशन भरतच नाहीत, त्यामुळे भार थोड्याच विकासकांवर पडतो.

कमिशन डिजिटल मालापुरतेच असते. सोलापुरी चादर अ‍ॅपवरून विकली, तर यूपीआयने आलेल्या पैशातून या कंपन्यांना काही द्यावे लागत नाही. त्याच शहरातील विकासकाने स्पर्धापरीक्षेच्या १०० रुपयांच्या सराव चाचण्या अ‍ॅपमध्ये विकल्या, तर करांचा हिशेब सोडून १५ रुपये कापले जातात. सोलापूर बाजार समितीत कांद्याची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) जाई, ती २०१६ मध्ये खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. अ‍ॅप बाजारात कपात अद्याप विकासकाच्याच पट्टीतून होते.

भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरमधील पैसे गूगलच्याच देयकव्यवस्थेतून घेण्याच्या अटींबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो मार्च २०२५ मध्ये सुमारे २१७ कोटींवर आला. दरम्यान पर्यायी देयकव्यवस्था खुली झाली, पण तिच्यावरील सवलत ४ टक्के गुणांचीच असल्याने १५ चे ११ होतात, आणि पर्यायी देयकसेवेचे शुल्क विकासकाला वेगळे भरावे लागते.