वाकडंच हवंय

सांगलीत विश्रामबागेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी माझ्या प्रिंटची वाट बघत बसलो होतो. स्क्रीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड चालला होता. डिझाइन करणाऱ्या पोरानं ‘दादां’ना पिवळ्या भिंतीसमोरून कापलं, डोंगरावरच्या सूर्योदयावर आणून ठेवलं आणि डोक्याभोवती एक पिवळट कड उमटली. “केसं लई तरास देत्यात,” तो म्हणाला आणि फोटो आठशे टक्के मोठा केला.

इतक्या जवळून केस दिसतच नाहीत, नुसते रंगीत चौकोन दिसतात. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. केस पिक्सेलपेक्षा बारीक असला की कॅमेरा त्या चौकोनात केस आणि भिंत दोन्हींची सरासरी भरून मोकळा होतो. चार आणे केस, बारा आणे भिंत. असला चौकोन कात्रीनं कापायचा कसा? १९७० च्या दशकाच्या अखेरीला अ‍ॅल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल या संगणक-चित्रांवर काम करणाऱ्या दोघांनी पिक्सेलला चौथा आकडा जोडला, अल्फा. इथं चित्र किती दाट आणि किती आरपार, एवढंच तो सांगतो. अल्फा पाव असेल तर नव्या चौकोनात पाव हिस्सा केसाचा, पाऊण हिस्सा सूर्योदयाचा. पण सरासरीत आधीच मुरलेला भिंतीचा पिवळा अल्फानं जात नाही, तो वेगळा काढावा लागतो. पोरानं तो ब्रशनं, डोळ्याच्या अंदाजानं काढला. मला विचाराल तर त्या बोर्डावरची कलाकारी तेवढीच. सूर्योदय सगळ्या गिऱ्हाइकांना तोच मिळतो.

माझं चित्र मात्र कुठल्याच फोटोतून आलेलं नव्हतं. गेओर्ग नीस यांच्या १९६८ च्या सुमाराच्या एका चित्राची मी घरी बसून केलेली ती नक्कल होती. नीस जर्मनीत सीमेन्स कंपनीत होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला त्यांनी संगणकाकडून काढून घेतलेली चित्रं मांडली, तेव्हा पडदा नव्हता, माउस नव्हता. संगणक बनवणाऱ्या कोनराड झूसे यांचं यंत्र हुकमाबरहुकूम कागदावर पेन ओढायचं.

चित्रात आडवे १२ आणि उभे २२, असे २६४ चौकोन आहेत. वर ठिपक्यांच्या रांगोळीची शिस्त. खाली यावं तसा एकेक चौकोन थोडा फिरतो, थोडा सरकतो. किती, ते रँडम आकडा ठरवतो. त्याला दिलेली मोकळीक मात्र ओळीगणिक वाढत जाते.

हे रँडमसुद्धा तसं लुटुपुटीचंच. प्रोग्रॅमला फासे टाकता येत नाहीत. तो एक आकडा घेतो, त्याला गुणतो, त्यात काही मिळवतो, भागतो आणि बाकी हातात ठेवतो. तीच बाकी पुढच्या गणिताला घ्यायची. सुरुवातीच्या आकड्याला बी म्हणतात. तेच बी दिलं की तेच चौकोन तितकेच वाकडे होऊन येतात, आज काय आणि दहा वर्षांनी काय. मी साठेक बियाणं पेरून पाहिली. नियम एकच, तरी कशात मध्येच भगदाड पडे, कशात नुसता पसारा. प्रोग्रॅम लिहायला अर्धा तास लागला, त्यातलं एक बी निवडायला सगळी संध्याकाळ.

आणि प्रिंट हातात आली तर बावीसच्या बावीस ओळी सरळसोट!

“काका, खालनं सगळं इस्कटलं हुतं. फाइल करप्ट झाली आसंल म्हणून वरचीच वळ कॉपी मारून खालपर्यंत लावली. त्येचं पैसं नकोत.”

“अरे, वाकडंच हवंय ते.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मूळ फाइल पुन्हा उघडली. झूम कमी करत अख्खं चित्र स्क्रीनवर बसवलं आणि मान तिरकी करून जरा वेळ बघत राहिला.

“आसं व्हय. डंपरनं खडी वतल्यागत.”

चित्राचं नाव मी त्याला सांगितलेलं नव्हतं. नीस यांनी ते ‘शॉटर’ ठेवलंय. जर्मन भाषेत शॉटर म्हणजे खडी.