हॉलमार्क आणि स्लॅब: आकडा दोन्हीकडे, हमी मात्र एकीकडे

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आता आधी हॉलमार्क बघतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२के९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. फार चांगली सवय लागली. पण हीच सवय घेऊन माणसं नाण्यांच्या प्रदर्शनात जातात. तिथं पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद स्लॅबमध्ये राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया ठेवलेला असतो, लेबलवर 'एमएस ६३' हा नाण्याच्या स्थितीचा ग्रेड, शेजारी बारकोड. "सर्टिफाइड आहे, डोळे झाकून घ्या," असं विकणारा सांगतो आणि घेणारा त्यालाच हॉलमार्क समजून पैसे मोजतो. नव्या संग्राहकांचं सगळ्यात जास्त नुकसान मी याच गैरसमजातून होताना बघितलं आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे. २०१५ साली सरकारने काढलेलं अशोकचक्राचं सोन्याचं नाणंही सीलबंद वेष्टनातच मिळतं आणि त्यावर खराखुरा हॉलमार्क असतो. वरवर बघता दोन्ही वस्तू सारख्याच.

हॉलमार्क सांगतो तो धातूचा कस. तपासणी केंद्रात दागिना आधी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्राखाली जातो, मग नमुन्यादाखल थोडं सोनं काढून त्याचं अग्निपरीक्षण होतं. ही मोजणी आहे. कोल्हापुरात केली काय आणि पुण्यात केली काय, नीट केली तर उत्तर तेच येणार. तिच्या पाठीशी कायदा आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांमध्ये सक्तीचा झाला. एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. कस कमी भरला, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

स्लॅबवरचा आकडा या जातीचा नाही. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, तीच आज जगभर वापरतात. ६० आणि त्यापुढचं नाणं म्हणजे वापरात न झिजलेलं. पण हे ठरवतो माणूस, भिंग आणि दिवा घेऊन. ६२ की ६४ याला यंत्र नाही, आणि किंमत मात्र नेमकी तिथंच उडी मारते. अमेरिकेत पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. या दोन्ही नाण्यांची प्रतवारी करून स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या. तरीही आपली प्रतवारी वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण आहे या पीसीजीएसच्या दाव्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली हरकत घेतली होती. २००३ मध्ये 'कॉइन वर्ल्ड' या साप्ताहिकाने तीच नाणी वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवून पाहिली, तर निकाल जुळले नाहीत. चांगल्या कंपनीचा ग्रेडसुद्धा मतच असतो. फरक इतकाच, की अशा कंपन्या आपल्या मताची आर्थिक जबाबदारी ठरावीक अटींवर घेतात.

आता आपल्याकडे या. नाण्यांच्या प्रतवारीसाठी बीआयएससारखी सरकारी यंत्रणा नाही. रिकामे स्लॅब विकत मिळतात, लेबल कुणीही छापू शकतो. नाणं विकणाराच प्रतवारी करणारा असेल, तर तो आकडा म्हणजे किमतीची चिठ्ठी. इथल्या प्रतवारी कंपन्यांबद्दल संग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या की त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. तेच नाणं दुसऱ्यांदा पाठवलं तर ग्रेड बदलून येतो. क्रमांक टाकल्यावर वेबसाइटवर नोंद सापडत नाही. कंपनीच बंद पडली, तर दाद कुणाकडे मागायची हे कुणाला माहीत नसतं.

आणि कोल्हापुरात सर्वांत जास्त भेटतं ते दागिन्यातून सुटलेलं नाणं. आपल्या भागात राणीछाप रुपयांना कडी लावून माळा केल्या जायच्या. माळ मोडली की कडी उपटतात, डाख (कडी जोडताना लावलेला सांधा) घासून सपाट करतात आणि वर उजाळा देतात. नवख्याला ते नाणं झकास दिसतं. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने इथल्याच एका प्रदर्शनातून १८४० चा असा रुपया स्लॅबमध्ये घेतला, ग्रेड ६३. एका दिव्याखाली तो तिरका फिरवला तेव्हा राणीच्या डोक्यावरच्या कडेला डाखाचा पुसट डाग दिसला आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा दिसल्या. लेबलवर यातला एक शब्दही नव्हता. स्लॅब करणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, "हे आमचं मत आहे." एनजीसी किंवा पीसीजीएसकडे असं नाणं गेलं असतं, तर आकडी ग्रेड न देता 'डीटेल्स' असं लिहून त्यांनी दोषाची नोंद केली असती. हे प्रकरण मला फार लागलं, कारण त्या माणसाने पैसे नाण्यासाठी दिलेच नव्हते, लेबलावरच्या विश्वासासाठी दिले होते.

मग नाणं सराफाकडे नेऊन यंत्रावर तपासून घ्यावं का? अर्धंच उत्तर मिळेल. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया अतिदुर्मिळ आहे, म्हणून त्याच्या नकला भरपूर. समजा कुणी १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून बदलला. यंत्र चांदी ९१.७ टक्केच दाखवणार, कारण चांदी खरीच आहे. धातू अस्सल आणि नाणं नकली, असं हे बनावटीचं रूप हॉलमार्कच्या तर्काने कधीच पकडता येत नाही.

स्लॅबमुळे आणखी एक नुकसान होतं, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. राणीछाप रुपयाचं वजन सुमारे ११.६६ ग्रॅम. सुटं नाणं काट्यावर ठेवता येतं, कडेच्या रेघा भिंगातून पूर्ण फिरवून बघता येतात. स्लॅबमध्ये यातलं काहीच धड होत नाही. भरवशाच्या कंपनीच्या स्लॅबमध्ये ते चालतं, कारण तुमच्या वतीने कुणीतरी ते केलेलं असतं. बेभरवशाच्या स्लॅबमध्ये मात्र तुमची तपासणीही गेली आणि त्यांचीही झालेली नाही.

"मग नाणं सरळ परदेशी कंपनीकडे पाठवू," असं तरुण मुलं म्हणतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यात शिवराई आली, राणीछाप आला, १९११ चा 'डुक्कर रुपया'सुद्धा आला (त्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून हे नाव). धनुष्यबाण असलेली आपल्या कोल्हापूरच्या प्राचीन कुर राजांची नाणी तर दूरच राहिली. शिवाय प्राचीन नाण्यांच्या बाबतीत एनजीसीने अनेक वर्षं अस्सलपणाची हमी दिलेली नव्हती, हेही त्या मुलांना सांगावं लागतं.

म्हणून हॉलमार्क बघून दागिना घेतो तसं स्लॅब बघून नाणं घेऊ नका. आधी लेबल अंगठ्याने झाका आणि नाणं एका दिव्याखाली सावकाश फिरवा. क्रमांक वेबसाइटवर टाकलात, तर नुसती नोंद सापडली म्हणून थांबू नका. खऱ्या स्लॅबचा क्रमांक नकली स्लॅबवर छापलेला असू शकतो, तेव्हा तिथल्या फोटोतला एखादा ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधा. आणि बिलावर विक्रेत्याकडून 'अस्सल, कडी काढलेली नाही, उजाळा दिलेला नाही' एवढं लिहून आणि सही करून घ्या. तो कचरत असेल, तर ६३ चा आकडा विसरून जुन्या, दागिन्यातल्या चांदीचा भाव विचारा.