पालकांचा व्यवसायजन्य संपर्क व बालकर्करोग : संख्याशास्त्रीय पद्धती

आईवडिलांचा कामाच्या ठिकाणी विद्रावक, कीटकनाशके, प्रारणे इत्यादींशी आलेला संपर्क आणि अपत्याचा कर्करोग यांचे नाते तपासण्याच्या पद्धती. रोग विरळा असल्याने बहुधा रुग्ण-नियंत्रण अभ्यास करतात : रुग्ण मुले आणि निरोगी (नियंत्रण) मुले घेऊन दोन्ही गटांतील पालकांच्या संपर्काच्या शक्यतांचे गुणोत्तर काढतात. प्रत्येक रुग्णाशी जुळणारे निरोगी मूल जोडीने निवडले असल्यास सशर्त लॉजिस्टिक समाश्रयण (प्रत्येक जोडीच्या आत तुलना करून गुणोत्तर काढणारी पद्धत) वापरतात.

विषयाचा आरंभ सामान्यतः फाबिया व थुई यांच्या क्वेबेकमधील अभ्यासापासून (१९७४) धरतात. पाच वर्षांच्या आत कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या जन्मनोंदींतून त्यांनी वडिलांचा व्यवसाय घेतला. हायड्रोकार्बनांशी संबंध येणारे व्यवसाय या मुलांच्या वडिलांत अधिक आढळले. फिनलंडमध्ये (१९७६) मात्र तसे दिसले नाही.

खरा वाद इंग्लंडमधील सेलाफील्डचा. तेथील अणुप्रकल्पालगतच्या सीस्केल गावी मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त होता. मार्टिन गार्डनर व सहकाऱ्यांना (१९९०) गर्भधारणेपूर्वी वडिलांना १०० मिलिसिव्हर्ट (प्रारण-मात्रेचे एकक) वा अधिक मात्रा मिळालेली असल्यास मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाची सापेक्ष जोखीम (इतरांच्या तुलनेत किती पट धोका) ६.२४ आढळली, पण ९५% विश्वास अंतराल (खरी किंमत ज्या मर्यादांत असावी तो पल्ला) १.५१ ते २५.७६! या गटात रुग्ण अवघे चार. साध्या चार चौकटींच्या (रुग्ण वा निरोगी, संपर्क आहे वा नाही) कोष्टकात गुणोत्तराच्या लघुगणकाचे विचरण (अनिश्चिततेचे माप) काढताना चारही चौकटींतील संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करतात. चार रुग्णांच्या चौकटीचेच ०.२५ होतात. इतर चौकटी कितीही भरल्या तरी हा आकडा हटत नाही, म्हणून अंतराल रुंदच राहतो. शिवाय सीस्केलच्या रुग्णांचा समूह आधी दिसला, वडिलांच्या मात्रेचे गृहीतक मागून आले, हेही विसरता येत नाही. बाहेरून आलेल्या लोकवस्तीच्या सरमिसळीतून पसरणाऱ्या संसर्गाचे किनलेन यांचे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य वाटते. अणुबाँबमधून वाचलेल्या जपानी लोकांच्या मुलांत अशी वाढ नाही. ड्रेपर व सहकाऱ्यांनी (१९९७) ३५,९४९ रुग्ण मुलांच्या नोंदी प्रारण-कामगारांच्या नोंदींशी जुळवल्या. प्रारण-कामगारांच्या मुलांत रक्ताचा कर्करोग काहीसा जास्त दिसला, मात्र मात्रेबरोबर जोखीम वाढत गेली नाही.

सेलाफील्डला निदान कामगारांच्या प्रारण-मापकाच्या नोंदी होत्या. इतरत्र मुलाखतीवर भिस्त असते : आजारी मुलाची आई नवऱ्याच्या कपड्यांना येणारा थिनरचा वास आठवून सांगते, निरोगी मुलाची आई ‘कारखान्यात होते’ एवढेच. हा स्मरणदोष टाळण्यासाठी व्यवसायाच्या नावावरून संपर्क ठरवणारी व्यवसाय-संपर्क सारणी वापरतात. तिच्यात एकाच हुद्द्याचे सगळे कामगार एका मापाने मोजले जातात. चुकीचे वर्गीकरण दोन्ही गटांत सारखेच असेल, तर गुणोत्तर सहसा १ कडे ओढले जाते. आईच्या संपर्काबाबत अभ्यास कमी आहेत. अशा कामांवर स्त्रियाच थोड्या असत.