आन्नो, दुसरा : कोलोनचा आर्चबिशप

आन्नो, दुसरा : (सु. १०१०–४ डिसेंबर १०७५). कोलोनचा आर्चबिशप, बालराजा चौथा हेन्री याचा पालक आणि काही काळ जर्मन राज्याचा प्रत्यक्ष कारभारी. रोमन कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले. त्याच्याच शहरातील व्यापाऱ्यांनी मात्र एका रात्री त्याला जिवाच्या भीतीने पळायला लावले होते. त्याच्याविषयीचा वाद तेव्हापासून चालू आहे.

आन्नोचा जन्म दक्षिण जर्मनीतील स्वाबिया प्रांतातल्या श्टॉयस्लिंगेन येथील एका मध्यम सरदार घराण्यात झाला. बांबेर्गच्या धर्मपीठाच्या शाळेत तो शिकला. सम्राट तिसरा हेन्री याची त्याच्यावर मर्जी बसली. त्याला प्रथम गोस्लार येथील राजमंदिराचे प्रमुखपद मिळाले आणि १०५६ मध्ये कोलोनचे आर्चबिशपपद. त्या काळातला जर्मन बिशप केवळ धर्मगुरू नसे. त्याच्या हाती जमिनी, जकाती, किल्ले आणि सैन्य असे. त्याची नेमणूक राजा करी व राज्याचा गाडा बऱ्याच अंशी त्याच्याच बळावर चाले. आन्नोचे वर्तन तोलताना ही व्यवस्था विसरली, तर तो निव्वळ ढोंगी वाटतो. ते त्याच्यावर अन्यायाचे ठरेल.

१०५६ च्याच ऑक्टोबरमध्ये सम्राट वारला. गादीवर आलेला चौथा हेन्री तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. राजमाता ॲग्नेस कारभार पाहू लागली. तिने मोठमोठी सरदारपदे देऊन टाकली आणि सल्ल्यासाठी ऑग्सबुर्गच्या बिशपवर भिस्त ठेवली, त्यामुळे दरबारात असंतोष साचत गेला.

१०६२ च्या वसंतात ऱ्हाइन नदीतील कैझर्सवर्थ बेटावर राजपरिवाराचा मुक्काम होता. हे ठिकाण आज ड्युसेलडॉर्फ शहरात मोडते. मेजवानीनंतर आन्नोने अकरा वर्षांच्या हेन्रीला आपले नवे, सजवलेले जहाज पाहायला बोलावले. मुलगा चढताच वल्हेकऱ्यांनी जहाज प्रवाहात लोटले. आपल्याला मारायला नेत आहेत असे वाटून त्याने नदीत उडी घेतली. कटात सामील असलेल्या काउंट एकबर्टनेच पाण्यात झेप घेऊन त्याला वाचवले. जहाज कोलोनला पोहोचले. राजासोबत राजचिन्हेही आन्नोच्या ताब्यात आली आणि ॲग्नेसची सत्ता संपली. हे सविस्तर वर्णन हेर्सफेल्डच्या मठातील लाम्पर्ट याने दशकाहून अधिक काळानंतर लिहिले. त्यातील रंग त्याचे असतील. पण राजाला पळवले गेले, याबद्दल दुमत नाही.

बचावासाठी सांगता येईल असे पुष्कळ आहे. कट आन्नोचा एकट्याचा नव्हता. बव्हेरियाचा ड्यूक ओटोही त्यात होता. ज्या बिशपच्या प्रांतात राजा मुक्कामाला असेल त्याने त्या काळापुरते राज्याचे काम पाहावे, अशी व्यवस्था आन्नोने सुचवल्याचे लाम्पर्ट सांगतो. ॲग्नेसच्या दरबाराने पोप दुसरा अलेक्झांडर याच्याविरुद्ध पार्माचा बिशप कादालुस याला पोप म्हणून उभे केले होते. आन्नोने ही चूक दुरुस्त करायला घेतली. ऑक्टोबर १०६२ मध्ये ऑग्सबुर्गच्या धर्मसभेने आन्नोचा भाचा, हाल्बरश्टाटचा बिशप बुर्कहार्ट, याला चौकशीसाठी रोमला पाठवले आणि १०६४ च्या मांतुआ येथील सभेत अलेक्झांडरच्या बाजूने शेवटचा निर्णय झाला. चर्चमधील फूट मिटवण्यातले त्याचे हे काम खरोखर मोठे आहे. अपहरणाच्या नाट्यापुढे ते झाकोळले जाते.

परंतु सत्ता हाती आल्यावर त्याने ती कशासाठी वापरली, हेही पाहिले पाहिजे. १०६३ मध्ये त्याचा भाऊ वेर्नर माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला. त्याच वर्षी राजाच्या सनदेने राजकोशाच्या उत्पन्नाचा नववा हिस्सा कोलोनच्या मठांसाठी आन्नोकडे आला. १०६६ मध्ये त्याने भाचा कोनराड याला ट्रियरचे आर्चबिशपपद मिळवून दिले. तेथील लोकांना विचारलेच गेले नव्हते. ट्रियरच्या माणसांनी कोनराडला वाटेतच पकडले, कड्यावरून ढकलले आणि अखेर ठार केले. घराणेशाहीचे मोल कोनराडने प्राणांनी मोजले.

आन्नोचा खरा स्वभाव कैझर्सवर्थपेक्षा दोन लहान प्रकरणांत अधिक स्पष्ट दिसतो. पोलंडची राणी रिखेझा हिला मृत्यूनंतर आपल्या घराण्याच्या ब्राउवायलर मठात विसावायचे होते. १०६३ मध्ये ती वारल्यावर आन्नोने तिला कोलोनमध्ये, आपल्या आवडत्या सांक्ट मारिया आड ग्रादुस या मंदिरात पुरले आणि तिची क्लॉटेन येथील जमीनही त्या मंदिराकडे वळवली. ब्राउवायलरचे भिक्षू ती परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षे भांडत राहिले. दुसरे प्रकरण माल्मेदीचे. स्ताब्लो आणि माल्मेदी हे मठ सातव्या शतकापासून एकाच मठाधिपतीखाली होते. १०६५ मध्ये राजाकडून माल्मेदी आपल्याकडे घेऊन आन्नोने ही जोडी तोडली. सहा वर्षे दाद मिळाली नाही, तेव्हा १०७१ मध्ये स्ताब्लोचे भिक्षू आपल्या संस्थापक संताच्या, रेमाक्लुसच्या, अस्थी घेऊन ल्येज येथे राजाच्या दारी आले. त्यांच्या वृत्तांतानुसार त्यांनी त्या अस्थी राजाच्या जेवणाच्या मेजावरच ठेवल्या. शेवटी आन्नोला माल्मेदी सोडावे लागले. या सगळ्यांतून त्याने स्वतःच्या सुखासाठी काही मिळवले, असे त्याचे शत्रूही फारसे म्हणत नाहीत. उपास, जागरणे, गरिबांची सेवा यांत तो कठोर होता. हाव होती ती कोलोनच्या धर्मपीठासाठी, आणि हाव परार्थी असली की ती आवरणे अधिक कठीण जाते.

१०६३ नंतर ब्रेमेनचा आर्चबिशप आडालबर्ट राजाच्या अधिक जवळ गेला. ब्रेमेनचा इतिहासकार आडाम आन्नोविषयी कडवटपणे लिहितो, त्यामागे या दोघांचे वैर आहे. १०६५ मध्ये वोर्म्स येथे तलवार कमरेला बांधून हेन्री सज्ञान झाला, तेव्हा त्याला पहिला वार आन्नोवरच करायचा होता. आईने त्याला आवरले. म्हणजे जिची सत्ता हिरावली गेली, तिनेच आन्नोला वाचवले.

१०७४ च्या ईस्टरला कोलोनमध्ये भडका उडाला. पाहुणा म्हणून आलेल्या म्युन्स्टरच्या बिशपला परत पाठवण्यासाठी आन्नोच्या माणसांनी एका श्रीमंत व्यापाऱ्याचे भरलेले जहाज जबरीने घेतले व माल बाहेर टाकायला सांगितले. व्यापाऱ्याच्या मुलाने माणसे जमवून त्यांना हुसकावले. सायंकाळपर्यंत आर्चबिशपच्या वाड्यावर हल्ला झाला. रात्री आन्नो शहराच्या तटातील एका वाटेने निसटून नॉयसकडे गेला. चौथ्या दिवशी तो गावोगावच्या माणसांची फौज घेऊन परतला. लाम्पर्टच्या म्हणण्याप्रमाणे सहाशे सधन व्यापारी रातोरात शहर सोडून गेले. व्यापाऱ्याच्या मुलासह काहींचे डोळे काढण्यात आले, काहींना फटके बसले. पुढच्या वर्षी आन्नोने चर्चबाहेर टाकलेल्या या बंडखोरांना क्षमा केली, पण डोळे परत येणार नव्हते. आन्नोचा चाहता असलेला लाम्पर्टही शहर ओस पडल्याची खंत लपवत नाही.

आन्नो ४ डिसेंबर १०७५ रोजी वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याला झीगबुर्ग येथे पुरले. पत्नीची हत्या करणाऱ्या पॅलाटिन काउंट (राजाचा प्रांतीय प्रतिनिधी) हाइनरिशकडून ही टेकडी आन्नोकडे आली होती आणि १०६४ मध्ये त्याने तिच्यावर मठ स्थापला होता. इटलीतील फ्रुत्तुआरिया मठातून त्याने तेथे भिक्षू आणले आणि त्यांची कडक शिस्त पुढे अनेक जर्मन मठांत पसरली. त्याच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग हाच.

त्याला संत केले तेही मुख्यतः झीगबुर्गच्या मठाने. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत जुन्या जर्मन भाषेत रचलेल्या ४९ कडव्यांच्या ‘आन्नोलीड’ या काव्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू झालेला इतिहास कोलोनच्या तेहतिसाव्या बिशपापर्यंत, म्हणजे आन्नोपर्यंत, आणला आहे. मूळ हस्तलिखित हरवले. कवी मार्टिन ओपिट्झने १६३९ मध्ये ते छापले म्हणूनच आज वाचता येते. बाराव्या शतकाच्या आरंभी त्याचे लॅटिन चरित्रही झीगबुर्गमध्येच लिहिले गेले. २९ एप्रिल ११८३ रोजी त्याला संत घोषित केले आणि त्याच्या अस्थींसाठी सोन्याचा मुलामा दिलेली पेटी घडवली गेली. व्हर्दूनचा सुवर्णकार निकोलस याच्या कार्यशाळेशी ती जोडली जाते. १८०३ मध्ये मठ बरखास्त झाल्यावर ती झीगबुर्गच्या सांक्ट सेर्वाशियस चर्चमध्ये गेली. विसाव्या शतकात टेकडीवर परतलेल्या बेनेडिक्टाइन भिक्षूंनी २०११ मध्ये मठ सोडला. त्यानंतर भारतातून गेलेले कार्मेलाइट भिक्षू तेथे राहू लागले.