६० फुटांची चोरटी धाव

मुलगी इथे न्यू जर्सीत १२-यू (१२ वर्षांपर्यंतच्या मुलींच्या) सॉफ्टबॉल टीममध्ये शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) खेळते, आणि मागच्या सीझनला एका मॅचमध्ये समोरच्या एका डावखुऱ्या चिमुरडीने आमच्या पोरींना पार रडकुंडीला आणलं. चारपैकी चार वेळा बेसवर, आणि एकही बॉल इनफिल्डच्या (बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानाच्या) बाहेर गेला नाही बरं का. पिचरचा (बॉल टाकणारीचा) हात फिरला की ही बॉक्समध्येच (बॅटरने उभं राहायच्या चौकटीत) पळायला लागायची, पळता पळता बॅट लावायची, बॉल टुणटुणत शॉर्टस्टॉपकडे, आणि तो उचलून फेकेपर्यंत बाई फर्स्ट बेसच्या पार (बॉल तिच्याआधी तिथे पोचला तरच ती आउट). गाडीत बसल्यावर लेकीचं एकच, "बाबा, माझा थ्रो वीक आहे." मला ते काही पटेना, म्हणून रात्री कागद-पेन घेऊन बसलो.

तर याला म्हणतात स्लॅपिंग. आपल्या भाषेत सांगायचं तर चोरटी धाव, फक्त इथे ती चोरणं हाच प्लॅन असतो. आणि गंमत बघा, क्रिकेटमध्ये क्रीज ते क्रीज अंतर ५८ फूट, सॉफ्टबॉलमध्ये होम (बॅटिंगची जागा) ते फर्स्ट बेस ६० फूट, म्हणजे साधारण तेवढीच धाव. फक्त क्रिकेटमध्ये नॉनस्ट्रायकर आधीच दोन पावलं पुढे आलेला असतो, इथे ते काम बॅटरच करते.

डावखुरीच का, तर उजव्या आणि डाव्या बॉक्सच्या मध्यामध्ये साधारण ६५ इंच अंतर आहे, पण फर्स्ट बेस ४५ अंशात तिरका असल्यामुळे प्रत्यक्षात वाचतात ४६ इंच, म्हणजे जवळपास १.२ मीटर. पळण्याच्या वेगाने ०.२ सेकंद. शिवाय उजवी बॅटर स्विंग झाल्यावर थर्डकडे वळलेली असते, तर स्लॅपरचं तोंड आधीच पिचरकडे आणि पाय चालू. थांबलेल्या जागेवरून पहिली दोन-तीन पावलं सगळ्यात हळू पडतात, तीच तिने बॅट लागायच्या आत उरकलेली असतात. म्हणून तर कित्येक उजव्या हाताच्या पोरींना कोच मुद्दाम डावीकडून उभं करतात. अमेरिकेची नताशा वॉटली, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक गोल्ड टीममधली, थ्रो उजव्या हाताने करायची आणि बॅटिंग डावीकडून.

आता हिशेब. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण फार चुकीचे नसावेत. चपळ स्लॅपर ३ सेकंदांत फर्स्टला पोचते असं धरू. बॉल जमिनीवरून २० मीटर मागे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपकडे यायला १.६ सेकंद, पकडून हातातून सुटायला ०.८, आणि ताशी ८० किमीने २२ मीटरचा थ्रो म्हणजे १ सेकंद. बेरीज ३.४. गेली ना धाव! आता समजा पोरीने जिममध्ये घाम गाळून थ्रो १० टक्क्यांनी वाढवला, तरी वाचणार ०.०९ सेकंद. पण तीच पोरगी नुसती ३ मीटर पुढे येऊन उभी राहिली तर बॉल पाव सेकंद आधी हातात येतो! बाकीचं पटकन पकडून सोडण्यात काढायचं. म्हणजे प्रॉब्लेम थ्रोचा नव्हताच, ती उभी कुठे होती याचा होता (आणि हे लेकीला पटवायला मला दोन दिवस लागले).

मग सगळ्यांनीच पुढे यायचं का? तसं केलं की जोरात स्लॅप मारणारी पोरगी खूश. जितकं जवळ जाल तितका बाजूला हलायला वेळ कमी, आणि डोळ्यांनी बघून अंग हलायलाच ०.२ सेकंद जातात. थर्ड बेसवाली बंटसाठी (बॅट नुसती आडवी धरून जवळच टाकलेला बॉल) पुढे असतेच, त्यामुळे फेस मास्कशिवाय तिला तिथे उभं करू नये, हे माझं ठाम मत आहे. दोन स्ट्राइक (तिसऱ्याला आउट) झाल्यावर मात्र ती थोडी मागे सरकू शकते, कारण तेव्हा बंट फाउल (रेषेबाहेर) गेला की बॅटर आउट, म्हणून बंटची भीती कमी. सगळ्यात वैताग म्हणजे आपटून उंच उडवलेला बॉल. तो ४ मीटर वर गेला तर वर जाऊन खाली यायला मिळून १.८ सेकंद लागणारच, गुरुत्वाकर्षणापुढे कोच काय करणार, खाली आल्यावर पकडायला तुम्ही तिथे पुढे असलात तरच काही चान्स.

आणखी एक, फर्स्ट बेसवाली बंटसाठी धावून आली तर बेस रिकामा पडतो, तिथे सेकंडवालीने पळत पोचायचं असतं. आमच्या मॅचमध्ये एकदा थ्रो एकदम परफेक्ट होता, घ्यायला कुणीच नव्हतं.

पिचरकडे मात्र खरं हत्यार आहे. बाहेरचा बॉल तर स्लॅपरला हवाच असतो, आपसूक शॉर्टस्टॉपकडे ढकलता येतो. आत, हाताजवळ आणि वर टाकला तर बॉल हवेत उडतो. आणि चेंजअप (तशाच अ‍ॅक्शनने टाकलेला हळू बॉल)! ताशी ८० चा बॉल ६२ ने आला तर पोचायला साधारण ०.१४ सेकंद जास्त, तेवढ्यात धावती स्लॅपर अर्धा मीटर पुढे गेलेली. बॅट लागताना पाय पूर्ण बॉक्सच्या बाहेर टेकलेला असला तर सरळ आउट.

सध्या संध्याकाळी ड्राइव्हवेवर मी टेनिस बॉल घरंगळत सोडतो आणि लेक पकडून फेकते. आधी पकडून सोडायला १ सेकंद लागायचा, आता ०.८ वर आलीय म्हणते, अर्थात स्टॉपवॉचचं बटण तीच सांगेल तेव्हा मी दाबतो.