घटस्फोटाचा अर्ज लिहिण्यापूर्वी: तारखांविषयी आमच्या पक्षकारांना विनंती

"दोन वर्षे झाली, आता अर्ज टाकूया," असे सांगत येणाऱ्या पक्षकारांसाठी हे पत्रक आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार परित्यागासाठी (म्हणजे जोडीदाराने सोडून जाणे, या कारणासाठी) अर्जाच्या लगतपूर्वीची किमान दोन वर्षे सलग असावी लागतात. शिवाय जोडीदार वेगळा राहतो एवढे पुरत नाही, तर संसार कायमचा सोडण्याचा त्याचा हेतू होता आणि त्यास वाजवी कारण किंवा तुमची संमती नव्हती, हेही दाखवावे लागते. क्रूरता या दुसऱ्या कारणाला अशी मुदत नाही आणि मानसिक छळही तीत येतो, मात्र रोजची कुरबुर म्हणजे क्रूरता नव्हे.

घोटाळा होतो तो 'सलग' या शब्दापाशी. वडीलधारे मध्यस्थी करतात, जोतिबाच्या यात्रेच्या निमित्ताने दोघे घरी येतात, महिनाभर नांदतात आणि पुन्हा बिनसते. हा महिना पक्षकार आम्हाला सांगत नाहीत. कुणाला तो आठवत नाही, कुणाला त्याने आपली बाजू लंगडी पडेल असे वाटते. मग तो सामनेवाल्याच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, निघतो किंवा उलटतपासणीत फोटोसह पुढे येतो. त्या महिन्यात संसार खरोखर पुन्हा सुरू झाला होता असे न्यायालयाला पटले, तर दोन वर्षे त्यानंतरच्या दुराव्यापासून मोजली जातात. कलम २३ प्रमाणे क्रूरतेला माफी दिली होती का, हेही पाहिले जाते. १९७५ च्या दास्ताने प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्रूरता मान्य केली, तरी पतीने ती माफ केल्याचे ठरवून त्याला दाद दिली नाही. अर्थात ही माफी सशर्त असते आणि पुढे पुन्हा तसे वर्तन घडल्यास जुनी क्रूरताही विचारात येते. म्हणून तो महिना आणि त्यानंतर घडलेले, दोन्ही आम्हाला हवे असते.

याच कारणाने आम्ही वकीलपत्रावर सही होताच अर्ज लिहायला घेत नाही. आधी दोन बैठकांत तारीखवार टिपण करतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. मात्र या बैठकांची वेगळी फी नाही, आणि अर्जातील दुरुस्तीसाठी पुढे न्यायालयाच्या ज्या तारखा जातात त्या याहून महाग पडतात. येताना लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद, पोलिसांतील तक्रारींच्या प्रती आणावयाच्या. व्हॉट्सॲपचे संदेश मूळ फोनमध्येच राहू द्यावेत, फोन विकू नये. नुसत्या प्रिंटवर भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडावे लागते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही हे खरे, पण तेथेही वाचली जाते ती खालच्या न्यायालयात तुम्ही दिलेली साक्षच.