नायट्रोजन धरून ठेवणारा दगड

अजिंठ्याला दगड विकणारे फिकट गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला एक स्फटिक पुढे करतात. तो बहुधा स्टिल्बाइट, म्हणजे झिओलाइटचा एक प्रकार. (शेजारचा हिरवट, काचेसारखा अपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे, नुसता सोबती.) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढत गेले.

१७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तर तो फसफसला! म्हणून ग्रीक शब्द जोडून नाव पडलं झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’. उकळलं ते आतलं पाणी. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाचे बोळ असतात. सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलं की सांगाड्यावर एक ऋणभार उरतो आणि तो फेडायला सोडियमसारखे धन आयन बोळांत येऊन राहतात. ते भाडेकरूच, सहज जागा बदलणारे. कपडे धुण्याच्या पावडरीतला झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतो तो असाच.

२०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी आलेल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्येही झिओलाइटच असतो. खाणीतला नव्हे, कारखान्यात बनवलेला, बारीक मण्यांच्या रूपात. इथे चाळणी लावून रेणू वेगळे होतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही त्या बोळांत मावतात. पण नायट्रोजनच्या रेणूतला विद्युतभार जास्त असमान पसरलेला असल्यामुळे धन आयन त्याला घट्ट धरतात. दाबाखालची हवा एका नळकांड्यातून जाते, नायट्रोजन मण्यांना चिकटतो, ऑक्सिजन पुढे निघतो. मणी भरले की दाब सोडायचा. नायट्रोजन सुटून बाहेर पडतो. मशीनमधून दर काही सेकंदांनी येणारा ‘फुस्स’ आवाज तो हाच. तोवर दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. हवेतला जवळपास एक टक्का आरगॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच निसटतो, म्हणून शुद्धता साधारण ९५ टक्क्यांवर अडते.

या मण्यांना नायट्रोजनपेक्षाही प्रिय काय, तर पाणी. ओल शिरली की जागा अडतात आणि नायट्रोजन मोकळा पुढे जातो. त्यामुळे दोन-तीन पावसाळे माळ्यावर काढलेलं मशीन पुन्हा लावताना ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्यावं. हवा येत राहते, आवाजही येतो. ऑक्सिजन कमी झालाय हे नाकाला कळत नाही.